परदेशातील सुट्टीत केलेला स्कूबा कोर्स: काही महिन्यांनंतरचे मत आणि कमरेवरचे जादा शिसे

परदेशात सुट्टीवर असताना ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा प्राथमिक कोर्स पूर्ण केला, तेव्हा लगेच लिहिलेल्या अभिप्रायात मी त्या केंद्राला पैकीच्या पैकी गुण दिले होते. काही महिन्यांनी दुसऱ्या समुद्रावर, दुसऱ्या केंद्रातील इन्स्ट्रक्टरने पाण्यात उतरल्याबरोबर, खाली राहता यावे म्हणून कमरेच्या पट्ट्यात लावलेले माझे वजन तपासले आणि त्या आठ किलो शिशापैकी चार किलो काढून बोटीवर ठेवले. त्या डाइव्हनंतर जुना अभिप्राय तसाच राहू देणे मला पटेना, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. थिअरी, पूल, समुद्रातील चार डाइव्ह आणि १८ मीटर खोलीपर्यंत डाइव्ह करू देणारे कार्ड ही कोर्सची रचना बहुतेकांना ठाऊक असल्यामुळे तिची उजळणी करत नाही.

प्रथम चांगले ते सांगते, कारण ते आजही तितकेच खरे आहे. आमचा गट लहान होता आणि इन्स्ट्रक्टर अत्यंत शांत स्वभावाचे होते. मास्कमध्ये पाणी भरून घ्यायचे आणि वरची कड कपाळाशी दाबून नाकाने श्वास सोडत ते बाहेर काढायचे, या कौशल्याशी मी बराच वेळ झगडत होते. नाकाशी पाणी आले की श्वास आपोआप अडतो आणि सारे अंग वर पळू पाहते. त्यांनी एकदाही घाई केली नाही. आधी मास्क न लावता, केवळ रेग्युलेटर (सिलिंडरमधील हवा श्वासासाठी देणारे उपकरण) तोंडात धरून, चेहरा पाण्यात ठेवून श्वास घ्यायला लावले आणि नाक व तोंड यांचा परस्परसंबंध सुटा झाल्यावरच पुढे नेले. आजही मास्कमध्ये पाणी शिरले तर मी बिचकत नाही, याचे श्रेय निःसंशय त्यांचे आहे.

वैद्यकीय प्रश्नावलीबाबतचे माझे मत मात्र मधल्या काळात पूर्णपणे बदलले आहे. एका प्रश्नाला मी ‘होय’ असे उत्तर दिले आणि डॉक्टरांची लेखी संमती आणल्याशिवाय पूलमध्येही उतरू देणार नाही, असे केंद्राने स्पष्ट सांगितले. परक्या गावात डॉक्टर शोधण्यात सुट्टीचा चांगला वेळ गेला आणि मला फार राग आला होता. पुढे इतर केंद्रांवर हीच प्रश्नावली कशी न वाचता भरून घेतली जाते, हे पाहिल्यावर त्या आग्रहाची किंमत कळली. दमा, कानाचे विकार, हृदयाचे आजार या गोष्टी जमिनीवर आटोक्यात असल्या तरी पाण्याखाली जिवावर बेतू शकतात, आणि त्या लपवून मिळवलेले कार्ड कोणाच्याच कामाचे नाही. प्रश्नावली निघण्यापूर्वीच मागवून घ्यावी व आवश्यक असल्यास आपल्या नेहमीच्या डॉक्टरांची संमती घेऊनच निघावे, एवढीच भर मी आज घालेन.

आता शिशाविषयी. कोर्सच्या पहिल्या दिवशी केंद्रातील मदतनिसाने प्रत्येकाकडे एक नजर टाकून पट्ट्यात वजने ओवून दिली. माझ्या वाट्याला आठ किलो आली. पातळ सूट आणि ॲल्युमिनियमचा नेहमीचा सिलिंडर वापरणाऱ्या माझ्या बांध्याच्या व्यक्तीला ती दुपटीने जास्त होती. तपासणी खरे तर दोन मिनिटांची असते. पृष्ठभागावर सरळ उभे राहायचे, बीसीडीतील (हवा भरून फुगवता येणाऱ्या जॅकेटमधील) हवा पूर्ण सोडायची, नेहमीइतका श्वास धरायचा आणि पाय हलवायचे नाहीत. पाण्याची रेषा डोळ्यांच्या पातळीवर आली आणि श्वास सोडताच आपण सावकाश खाली जाऊ लागलो, तर वजन योग्य. सिलिंडर भरलेला असेल तर त्यावर सुमारे दोन किलो वाढवायचे, कारण २०० बारपासून (बार हे दाबाचे एकक) ५० बारपर्यंत येताना सिलिंडरमधील साधारण तेवढ्या वजनाची हवा आपण वापरून टाकतो. पूलमधील तपासणी समुद्रात तशीच लागू पडत नाही, कारण खारे पाणी अधिक उचलते. म्हणून समुद्रात ती पुन्हा करावी लागते. आमच्यापैकी कोणाचीही तपासणी पूलमध्ये झाली नाही आणि समुद्रातही झाली नाही.

चार किलो जादा शिशाने काय बिघडते, असे कोणी विचारील. खाली तरंगत राहण्यासाठी तेवढा भार तोलणारी हवा बीसीडीत भरावी लागते, म्हणजे साडेतीन लिटरहून अधिक. ही हवा स्थिर राहत नाही. १० मीटरवर दाब २ बार असतो, ५ मीटरवर दीड बार. म्हणजे एवढे अंतर वर येताना तीच हवा तृतीयांशाने फुगते आणि आपल्याला आणखी वर ओढू लागते. नेमके ५ मीटरवरच तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येण्यापूर्वीचा थांबा, करायचा असतो. मी तिथे पोहोचले की कधी वर जात असे, कधी हवा सोडून भसकन खाली, पुन्हा बटण दाबून वर. इन्स्ट्रक्टर माझा सिलिंडर धरून मला जागेवर ठेवत. त्या वेळी मला वाटे की बॉयन्सीचे, म्हणजे पाण्यात एकाच खोलीवर तरंगत राहण्याचे कसब माझ्या अंगी यायला अनेक वर्षे लागतील. चार किलो काढल्यानंतर त्याच खोलीवर मी केवळ श्वासाच्या चढउतारावर स्थिर राहिले. मधल्या काळात मी कोणताही सराव केलेला नव्हता.

दुसरा तोटा सरळ पैशाचा आहे आणि मला तो विशेष लागतो. कमरेवर शिसे आणि छातीपाठीवर फुगलेले बीसीडी अशा अवस्थेत शरीर आडवे राहत नाही; पाय खाली झुकतात आणि माणूस तिरपा, पाण्याला छाती देत पुढे सरकतो. पाण्याचा विरोध वाढतो, दम लागतो, हवा भराभर संपते. सिलिंडरमधील हवेचा दाब दाखवणारा माझा गेज ५० बारकडे झुकला की संपूर्ण गटाला वर यावे लागे, म्हणजे माझ्याबरोबर इतरांचीही डाइव्ह तोकडी होई. बोटीचे, सिलिंडरचे आणि गाइडचे पैसे मात्र पूर्ण डाइव्हचे मोजलेले असत. कोर्सनंतर त्याच सुट्टीत मी हौसेने आणखी डाइव्ह घेतल्या होत्या, आणि त्या प्रत्येकीत मी पैसे देऊन विकत घेतलेला पाण्याखालील वेळ त्या शिशाने खाल्ला. पायांतील खाली झुकलेल्या फिनने वाळू उडते आणि प्रवाळावर घाव बसतात, हे नुकसान तर मोजण्यापलीकडचे आहे. बोटभर प्रवाळ वाढायला कित्येक वर्षे लागतात.

याच्याशी जोडलेली गोष्ट म्हणजे सारी कौशल्ये तळावर गुडघे टेकून शिकवली गेली. रेग्युलेटर सोडून पुन्हा शोधणे, मास्क रिकामा करणे, जोडीदाराची हवा घेणे, सगळे गुडघ्यांवर. इन्स्ट्रक्टरला अशा प्रकारे गटावर लक्ष ठेवणे सोपे जाते हे मान्य. परंतु प्रत्यक्ष डाइव्हमध्ये खाली टेकायला वाळूचा तळ नसतो, आणि मास्क गळू लागतो तो मधल्या पाण्यात तरंगत असतानाच. आज अनेक इन्स्ट्रक्टर ही कौशल्ये तरंगत ठेवूनच शिकवतात. कोर्स निवडताना केंद्राला हा एकच प्रश्न विचारला तरी बरेच काही कळते.

या सगळ्याविषयी मी पहिल्या केंद्राला पत्र लिहिले. उत्तर सभ्य होते आणि त्यात तथ्यही होते: नवखा माणूस घाबरून छाती भरून श्वास घेतो, त्यामुळे तो तरंगतो, आणि उथळ पाण्यात तो अचानक वर जाण्यापेक्षा एक-दोन किलो जादा असलेली बरी. हे वाचून माझा राग बराच निवळला. एक-दोन किलो मला मान्य आहेत. मात्र ती जादा आहेत हे विद्यार्थ्याला सांगायला हवे आणि भीती ओसरेल तशी डाइव्हगणिक कमी करायला हवीत. योग्य वजन स्वतः ठरवता येणे हा कोर्सचाच भाग आहे. कार्डाचा अर्थच असा की धारक इन्स्ट्रक्टरशिवाय, जोडीदाराबरोबर पाण्यात उतरू शकतो.

सुट्टीत कोर्स करावा का, याचे माझे उत्तर आजही होकारार्थीच आहे. स्वच्छ, उबदार पाण्यात शिकण्यासारखे सुख नाही. मात्र थिअरी घरीच ऑनलाइन संपवावी. जवळ सोय असेल तर पूलचा भागही आधी करून, रेफरलची, म्हणजे तेवढा भाग पूर्ण झाल्याची कागदपत्रे घेऊन समुद्रातील चार डाइव्ह तिकडे कराव्यात. हॉटेलच्या खोलीत व्हिडिओ पाहण्यासाठी परदेशवारीचे पैसे मोजू नयेत. कोर्स सुट्टीच्या सुरुवातीला ठेवावा, कारण सर्दी झाली किंवा कान मोकळे होईनात तर एखादा दिवस हाताशी लागतो, आणि सलग दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात. नेहमीचा प्रवासविमा स्कूबाला लागू होतोच असे नाही. अटींतील खोलीची मर्यादा वाचून घ्यावी.

केंद्राला मी आज पाचपैकी साडेतीन गुण देते. कापलेले दीड गुण सर्वस्वी शिशाचे आहेत. कार्ड नुकतेच हाती आलेल्यांनी लॉगबुकमध्ये प्रत्येक डाइव्हपुढे चार गोष्टी लिहाव्यात: सूटची जाडी, सिलिंडर ॲल्युमिनियमचा की पोलादी, पाणी खारे की गोडे, आणि किती किलो वजन लावले. शेवटच्या ५० बारवर ५ मीटरला बीसीडी रिकामे ठेवून स्थिर राहता आले की नाही, हेही त्यापुढे नोंदवावे. येत असेल तर पुढच्या डाइव्हला एक किलो कमी करून पाहावे. जिथून खाली राहणे जमेनासे होते, त्याच्या एक किलो वरचा आकडा आपला.