डुकराचा रोस्ट: खांदा की पाठ?

ओव्हनमध्ये मऊ रोस्ट हवा असेल, तर आधी ठरवायचं ते मांस कुठलं घ्यायचं. मसाला नंतर.

खांद्याचा तुकडा कष्टाच्या स्नायूंचा. त्यात चरबी भरपूर आणि कोलॅजनही, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारं चिवट प्रथिन. ७० अंश सेल्सिअसच्या पुढे हे कोलॅजन सावकाश विरघळून जिलेटिन होतं आणि मांस रसाळ लागतं. पण त्याला वेळ द्यावाच लागतो. आदल्या रात्री मीठ चोळून फ्रिजमध्ये ठेवा. मग झाकण लावून १५० अंशांवर शिजवा. दोन किलोच्या तुकड्याला चार तास तरी धरा. आतलं तापमान ९० ते ९५ झालं की काटा लोण्यात जावा तसा आत जातो. ८० वर काढलात तर चिवटच लागेल, मग कितीही रस्सा ओता. शेवटी झाकण काढून आच वाढवली की वरून खमंग रंग येतो. अर्धा तास उशीर झाला तरी खांदा सहसा बिघडत नाही, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याला मी तोच सुचवेन.

पाठीचा तुकडा, म्हणजे लॉइन, कमी चरबीचा. १८० अंशांवर एक किलोला साधारण तासभर पुरतो आणि सुबक कापही पडतात. मात्र इथे थर्मामीटर हवाच. आत ६३ अंश झाले की बाहेर काढा, दहा मिनिटं थांबा, मगच कापा. मध्ये किंचित गुलाबी दिसलं तरी घाबरू नका. ७० च्या पुढे गेला की तो कोरडा पडू लागतो, आणि जास्त शिजवून मऊ होण्याची आशा इथे नाही.