चांगला भाडेकरू आणून देतो, आधी किचन करून घ्या

मुलुंड पूर्वेला सासऱ्यांनी घेतलेला वन बीएचके आहे. जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. पण स्टेशन चालत आणि ऐरोलीचा पूल जवळ. आधीचे भाडेकरू स्वतःच्या घरात राहायला गेले म्हणून फ्लॅट पुन्हा भाड्याने द्यायला काढला आणि त्यात सव्वातीन लाखांची टोपी बसली. कशी बसली ते सविस्तर लिहिते, कारण ज्या सफाईने हे झालं ते बघता आम्ही पहिले नसणार आणि शेवटचेही नसणार.

एजंट घर बघायला आला. भाडं पाडून बोलला नाही, उलट जागेचं कौतुक केलं. मग हळूच म्हणाला, "मॅडम, घर असंच ठेवलंत तर चार बॅचलर मिळतील, नाहीतर लाइट बिल थकवून पळणारे. कंपनी लीजवर द्या. भाडं कंपनीच्या खात्यातून येणार, माणूस फॅमिलीवाला, तीन वर्षं बघायला नको." घरमालकाला याहून गोड काय ऐकायचं असतं? पुढच्या वेळी तो कंपनीच्या एचआरचा म्हणून एक माणूस घेऊन आला. गळ्यात पट्टा, हातात टेप. त्याने खोल्या मोजल्या, बाल्कनीत उभा राहून फोनवर इंग्रजीत बोलला आणि जाताना म्हणाला, लोकेशन पसंत आहे, पण आमच्या लोकांना मॉड्युलर किचन, वॉर्डरोब आणि फॉल्स सिलिंग लागतं, तेवढं करा.

कॉन्ट्रॅक्टर अर्थात एजंटच्या ओळखीचा. "कंपनीला याचं काम माहीत आहे, पटकन पास होतं." त्याचं कोटेशन एका पानाचं होतं. किचनसमोर लिहिलं होतं 'ए-वन प्लाय', रंगासमोर 'लक्झरी पेंट', आणि खाली एकच आकडा. साठ टक्के आधी, उरलेले कामाप्रमाणे. आता हे कागद बघताना लक्षात येतं की त्यावर पुढे वाद घालता येईल असा एकही शब्द नव्हता. प्लायचा ग्रेड नाही, जाडी नाही, सनमायका किती एमएमचं ते नाही, भिंतीला किती हात मारणार तेही नाही.

या सगळ्या प्रकारातली खरी चलाखी पुढे आहे. अॅडव्हान्स गेल्यावर त्याच आठवड्यात 'कंपनीचं टोकन' म्हणून एकवीस हजार रुपये युपीआयने आमच्या खात्यात आले. टोकन मालकाला मिळालं म्हणजे सौदा पक्का, हे आपण सगळे धरून चालतो. त्यानंतर कॉन्ट्रॅक्टरने मागितलेले पुढचे हप्ते आम्ही भराभर दिले. एजंटने सोसायटीच्या नाहरकतीचे म्हणून बारा हजार रोख नेले, तेही दिले. (कमिटीला यातलं काहीच माहीत नव्हतं. सोसायटीला फार तर नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून घ्यायचं शुल्क, लावता येतो, तोही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत; २००१ चा शासन आदेश आहे. तो मेंटेनन्सच्या बिलात येतो, एजंटच्या खिशात रोखीने जात नाही.)

प्लाय आला त्या दिवशी आम्हाला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. वरच्या शीटवर आयएस ७१० चा ठळक शिक्का. स्वयंपाकघरात, सिंकखाली वापरायचा पाण्यात टिकणारा मरीन प्लाय तो हाच; साध्या एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणाऱ्या प्लायवर ३०३ असतं. शिक्का दाखवला, फोटोही काढू दिला. त्या शीटच्या खालच्या शीट कुणी उचलून दाखवल्या नाहीत. बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला ओल होती. तिथे रंगाऱ्याने वरवर खरवडून लांबी (पुट्टी) ओढली आणि वर सोनेरी नक्षीचा वॉलपेपर चिकटवला. "फीचर वॉल, मॅडम." शेजारच्या काकांनी बघून नुसतं "हं" केलं होतं.

जूनमध्ये राहायला येणारं कुटुंब आलंच नाही. बदली लांबली, मग बॉस परदेशात, मग एचआरचा फोन बंद. एजंट आठवडाभर उचलायचा, नंतर तोही उचलेना. मधल्या काळात पाऊस सुरू झाला. वॉलपेपरला जमिनीपासून हातभर उंचीवर पोट सुटलं. बोटाने दाबलं तर आत पाणी भरलेल्या फुग्यासारखं डुचमळायचं. सिंकखालच्या ट्रॉलीचं दार फुगून बंदच होईना. ओळखीचा सुतार आणून दार खोलून घेतलं. त्याने कडेची पट्टी नखाने सोलली आणि आतला भुसा माझ्या तळहातावर ठेवला. पार्टिकल बोर्ड. सबंध ओट्याखाली ७१० वाला प्लाय फक्त दर्शनी दोन दारांना वापरलेला.

सुताराला द्यायच्या पैशांचा हिशेब लावायला बँकेचं स्टेटमेंट काढलं, तेव्हा ती एकवीस हजारांची नोंद परत दिसली. पाठवणारी कंपनी नव्हतीच, एका व्यक्तीचं नाव होतं; आणि आडनाव कॉन्ट्रॅक्टरचं. म्हणजे आमच्याच अॅडव्हान्समधून आम्हालाच टोकन! अशा सौद्यात टोकन येतं तेव्हा मेसेजमधली रक्कम बघून थांबू नका, पाठवणाऱ्याचं नाव बघा. कंपनी खरंच घर घेत असेल तर पैसे कंपनीच्या चालू खात्यातून येतात, आणि करारावर सही करणाऱ्याकडे कंपनीच्या लेटरहेडवर अधिकारपत्र असतं. ते आधी मागा. आमच्या 'एचआर'ने कराराचा मसुदा म्हणून पाठवला होता तो नोटरीचा, स्टॅम्पपेपरवरचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची असते. नोटरीवर भागवू म्हणणारी कंपनी मला तरी अजून दुसरी भेटलेली नाही.

सगळं पाण्यात गेलं असं नाही म्हणणार. फॉल्स सिलिंग शाबूत आहे, त्याचा उपयोग काय ते विचारू नका.

नंतर भाडेकरू मिळाले ते सोसायटीतल्याच एका बाईंच्या ओळखीने. तो ऐरोलीला आयटीत, ती शिक्षिका, एक शाळकरी मुलगी. घर बघायला आले तेव्हा शिक्षिका बाईंनी आधी स्वयंपाकघरातला नळ सोडून धार बघितली. पाणी किती वाजता येतं, किती वेळ, टाकी आहे का. मग वाकून सिंकखाली हात फिरवला. नवऱ्याने मेन बोर्ड उघडून ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का पाहिलं, वॉशिंग मशीनच्या प्लगला अर्थिंग आहे का विचारलं, मागचं लाइट बिल मागितलं. खिडक्यांना मच्छरजाळी हवी म्हणाले, ती आम्ही लगेच बसवून दिली. फॉल्स सिलिंगमधल्या दिव्यांकडे त्या दोघांनी मान वर करूनही बघितलं नाही. पश्चिमेच्या भिंतीचं म्हणाल तर ती बाहेरून प्लास्टरला तडे गेल्यामुळे ओली होत होती. बाहेरच्या भिंतीची दुरुस्ती सोसायटीचं काम. कमिटीला अर्ज दिला, तडे भरून झाले आणि भिंत वाळली. या सगळ्याला मिळून त्या वॉलपेपरइतकाही खर्च आला नाही.

पोलीस ठाण्यात आधी "हा दिवाणी मामला आहे" असंच ऐकायला मिळालं. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. काम खराब केलं एवढ्यावर फसवणुकीचा गुन्हा होत नाही, सुरुवातीपासून फसवायचा हेतू होता हे दिसावं लागतं. म्हणून टोकनची नोंद, एचआरवाल्याचे मेसेज आणि नाहरकतीच्या नावाने घेतलेली रक्कम असं सगळं जोडून लेखी तक्रार दिली आणि पोच घेतली. भारतीय न्याय संहितेत यासाठी कलम ३१८ आहे, जुनं ४२० ते हेच. खराब कामाबद्दल कॉन्ट्रॅक्टरविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात वेगळी तक्रार टाकली आहे. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही; मुदत मात्र दोन वर्षांची आहे, हे लक्षात ठेवा.

मध्यंतरी भाच्याने भाड्याच्या घराची एक जाहिरात पाठवली. भांडुपचा फ्लॅट आणि फोटो आमच्या किचनचे. खिडकीची वाकलेली ग्रिलसुद्धा तीच. एजंटचा नंबर नवा होता. मुलुंड, भांडुप, ठाणे भागात पिस्ता रंगाची दारं आणि काळा ओटा असलेल्या किचनचे फोटो दाखवून कुणी कंपनी लीजची बात करत असेल तर पैसे देऊ नका. दिले असतील तर स्टेटमेंटमधली पाठवणाऱ्यांची नावं काढून तुमच्या ठाण्यात लेखी तक्रार द्या. एकाच पद्धतीच्या दोन-तीन तक्रारी समोर आल्या की दिवाणी मामला म्हणून परत पाठवणं त्यांनाही अवघड जातं.