एसएटी की एसीटी? बदललेल्या परीक्षांचा नवा हिशेब

अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठी एसएटी द्यावी की एसीटी, याचं एक ठरलेलं उत्तर असायचं: हात भरभर चालत असेल तर एसीटी, डोकं लढवायची हौस असेल तर एसएटी. ते उत्तर आता शिळं झालं. एसएटी मार्च २०२४पासून अमेरिकेतही संगणकावर गेली, आणि २०२५मध्ये एसीटीनेही कूस बदलली.

वेगाचंच बघा. एसीटीच्या इंग्रजीत पूर्वी ४५ मिनिटांत ७५ प्रश्न असत, म्हणजे प्रश्नामागे ३६ सेकंद. आता ३५ मिनिटांत ५० प्रश्न, म्हणजे ४२ सेकंद. वाचनात खरा दिलासा आहे: ५२ सेकंदांवरून सुमारे ६७. गणितही (४५ प्रश्न, ५० मिनिटं) तेवढंच. तरी एसएटी अजून सढळ आहे. तिथे वाचन-लेखनाला प्रश्नामागे ७१ सेकंद मिळतात, गणिताला ९५.

म्हणून एसएटी सोपी, असं मात्र नाही. तिचा प्रत्येक विषय दोन भागांत येतो आणि पहिला भाग कसा गेला यावर दुसरा सोपा येणार की अवघड, हे ठरतं. पहिल्या भागात घसरलात तर सोपा दुसरा भाग येतो आणि वरचे गुण हाताबाहेर जातात. सुरुवातीला अडखळून मग लयीत येणाऱ्याला हे महागात पडतं. एसीटीत असं काही नाही. पेपर सगळ्यांना सरळ एकाच चालीने येतो, आणि अमेरिकेत तो कागदावर द्यायची सोयही अजून आहे. स्क्रीनवर वाचताना ज्याचे डोळे भरकटतात, त्याने एवढ्या एका कारणासाठी एसीटी निवडली तरी मी त्याला चूक म्हणणार नाही.

उताऱ्यांचा स्वभावही वेगळा. एसएटीत चार-सहा ओळींचा मजकूर, त्यावर एकच प्रश्न, की लगेच दुसरा विषय. एसीटीच्या वाचनात चार मोठे भाग, प्रत्येकावर नऊ प्रश्न. एकदा विषयात शिरलं की रमणाऱ्याला एसीटी बरी.

सगळ्यात मोठा बदल मात्र फारसं कुणी बोलत नाही असा आहे: गणिताचं वजन. एसीटीत विज्ञान आता ऐच्छिक झालंय आणि एकूण गुण इंग्रजी, गणित, वाचन या तिघांची सरासरी काढून मिळतात. म्हणजे गणित पूर्वी पाव हिस्सा होतं, आता एक तृतीयांश. एसएटीत ते निम्मं. गणितात तरबेज असाल तर एसएटी, भाषेवर पकड असेल तर एसीटी. माझ्या मते निवडीचा पहिला निकष हाच. शिवाय एसएटीत सूत्रांचा तक्ता समोर असतो, एसीटीत सूत्रं पाठ हवीत.

विज्ञान सोडायची घाई नको. यादीतल्या कॉलेजांना ते हवंय का, हे त्यांच्या प्रवेशाच्या पानावर आधी पाहा. विज्ञानाच्या पेपरातल्या आलेखांची धास्ती नसेल तर ४० मिनिटं जास्त बसायला हरकत नाही.

तयारीत एसीटीवाल्यांची एक सोय आहे: जुने पेपर रद्दीत घालावे लागत नाहीत. वाचनाच्या प्रत्येक भागातला एक प्रश्न गाळा आणि घड्याळ दहा मिनिटांवर लावा, नव्या परीक्षेची चाल तीच. गणितात आता पाचवा पर्याय नसतो, तेव्हा जुन्या पेपरातला एखादा चुकीचा पर्याय कुणाकडून तरी खोडून घ्या. एसएटीच्या कागदी काळातल्या पुस्तकांतलं गणित चालेल, पण लांब उतारे निरुपयोगी. तिचा सराव ब्लूबुक या मोफत ॲपवरच करा, कारण परीक्षाही त्यावरच होते. एका शनिवारी तिथला पूर्ण पेपर, पुढच्या शनिवारी एसीटीचा, दोन्ही वेळ लावून. मग गुणांची तुलना करा, आणि कोणत्या दिवशी डोकं जास्त शिणलं होतं तेही लिहून ठेवा.