प्रोसेस एक्सप्लोरर : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

घरचा संगणक मंदावला की 'क्लीनर' किंवा 'बूस्टर' म्हणवणारे काहीतरी उतरवून घेण्याकडे बहुतेकांचा कल असतो. मी त्याऐवजी गेले काही महिने मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या विंडोजसाठीच्या साधनसंचातील प्रोसेस एक्सप्लोरर वापरत आहे. हे साधन संगणकाचा वेग तसूभरही वाढवत नाही. प्रोसेसर नेमके कोण अडवून बसले आहे, एवढेच ते दाखवते, मात्र विंडोजमधल्या टास्क मॅनेजर या चालू प्रोग्रॅमच्या यादीपेक्षा बरेच खोलात जाऊन. ते विनामूल्य आहे आणि इन्स्टॉल करावे लागत नाही, परंतु ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवले नाही तर सिस्टिमच्या प्रोसेसविषयीची (म्हणजे तिच्या चालू प्रोग्रॅमविषयीची) माहिती अर्धवटच मिळते.

माझी मूळ तक्रार अशी होती, की काहीही उघडलेले नसताना पंखा घोंघावत राही आणि टास्क मॅनेजरमध्ये 'डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट' (संगणकाची माहिती इतर प्रोग्रॅमना पुरवणारी विंडोजची प्रोसेस) सतत वर दिसे. ही प्रोसेस बंद केल्यास ती थोड्याच वेळात पुन्हा उभी राहते, कारण ती स्वतःसाठी नव्हे, तर तिच्याकडे माहिती मागणाऱ्या दुसऱ्याच प्रोग्रॅमसाठी राबत असते. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतील 'डब्ल्यूएमआय-ॲक्टिव्हिटी'च्या 'ऑपरेशनल' नोंदी उघडल्या, तेव्हा फसलेल्या प्रत्येक विनंतीसोबत 'क्लायंट प्रोसेस आयडी', म्हणजे विनंती करणाऱ्या प्रोसेसचा क्रमांक, दिलेला आढळला. एकच क्रमांक पुन्हा पुन्हा येत होता. प्रोसेस एक्सप्लोररच्या 'पीआयडी' (प्रोसेस आयडी) स्तंभात तो शोधल्यावर प्रिंटरसोबत आलेला, शाईची पातळी दाखवणारा प्रोग्रॅम सापडला. तो काढून टाकला. छपाई पूर्ववत चालू आहे आणि पंखाही शांत आहे.

टक्केवारी वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. आठ लॉजिकल प्रोसेसर (विंडोजला दिसणारे प्रोसेसरचे स्वतंत्र भाग) असलेल्या यंत्रावर एखादा थ्रेड, म्हणजे प्रोसेसमधला कामाचा एक धागा, अडकून पूर्ण वेगाने फिरत राहिला, तरी एकूण वापरात तो साधारण 12.5 टक्केच दिसतो, आणि हा आकडा किरकोळ समजून आपण पुढे जातो. अशा वेळी त्या प्रोसेसच्या गुणधर्मांतील 'थ्रेड्स' हे पान उघडावे. कोणत्या फाइलमधला थ्रेड इतका राबतो आहे, हे तेथे बहुधा कळते. याउलट 'सिस्टिम आयडल प्रोसेस'समोरचा नव्वदीच्या घरातला आकडा म्हणजे प्रोसेसर मोकळा असल्याची खूण आहे, तरीही त्याला घाबरणारे मला नेहमी भेटतात.

'इंटरप्ट्स' (उपकरणांच्या हाका हाताळण्यात जाणारा प्रोसेसरचा वेळ) ही ओळ माझ्या मते या साधनातील सर्वांत उपयुक्त. एरवी ती अगदी खाली असते. काही टक्क्यांवर रेंगाळू लागली, तर बिघाड एखाद्या ड्रायव्हरचा (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) किंवा उपकरणाचा असण्याची शक्यता मोठी. तो कोणता, हे मात्र येथे उमगत नाही.

उणिवाही आहेत. रंगांची गर्दी नवख्याला गोंधळात टाकते. व्हायरसटोटल या अनेक अँटिव्हायरसकडून फाइल तपासून घेणाऱ्या सेवेच्या स्तंभात सत्तरेक तपासण्यांपैकी एखादीने शंका घेतली, तर ती अनेकदा खोटीच निघते, पण साधन तसे काही समजावून सांगत नाही. तापमान तर दिसतच नाही. धुळीने उष्णता कोंडली की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि मग नेहमीचेच काम जास्त टक्के खाऊ लागते. त्यामुळे यादीत कोणीच दोषी आढळले नाही, तर मी पंखा साफ करून तापमान दुसऱ्या साधनाने पाहतो.