फेअरबँक्स की अँकरेज? अलास्कातला उन्हाळा आणि वणव्यांचा धूर

उन्हाळ्यात भारतातून आईवडील यायचे असले की अमेरिकेतल्या मराठी घरांत सहलीची आखणी सुरू होते आणि अलीकडे त्या यादीत अलास्काचे नाव वरचेवर दिसते. नागपूर-पुण्याच्या उन्हाळ्यातून आलेल्या माणसांना गारवा मिळावा, मध्यरात्रीचा उजेड पाहता यावा, एवढी साधी इच्छा त्यामागे असते. मग प्रश्न उरतो तो मुक्काम अंतर्भागातल्या फेअरबँक्सला ठेवावा की दक्षिणेकडे समुद्रालगत असलेल्या अँकरेजला. बहुतेक जण दोन्ही शहरांचे सरासरी तापमान पाहून हा निर्णय घेतात आणि माझ्या मते चूक तिथेच होते.

निव्वळ आकडे पाहिले तर फेअरबँक्सचे पारडे जड दिसते. जुलैमध्ये तिथले दिवसाचे तापमान सरासरी २२-२३ अंश सेल्सिअस असते, वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम ३० सेंटिमीटर पाणी पडते, आणि २१ जूनच्या सुमारास सूर्य जवळजवळ २२ तास क्षितिजाच्या वर असतो. त्या रात्री तिथे दिवे न लावता बेसबॉलचा सामना खेळला जातो, ही प्रथा १९०६ पासूनची आहे. अँकरेजला जुलैतही दुपारी १८-१९ अंशांच्या वर पारा सहसा जात नाही. पावसाचे प्रमाण तिथेही फार नाही, पण ढगाळ आकाश, समुद्रावरचा गार वारा आणि ऑगस्टमधली रिपरिप यामुळे पाहुणे कंटाळतात.

मात्र ज्या कोरड्या, निरभ्र हवेसाठी माणूस फेअरबँक्स निवडतो, तीच हवा वणवे पेटवते. अंतर्भागात काळ्या स्प्रूसची, म्हणजे सुईसारख्या पानांच्या एका सूचिपर्णी झाडाची, जंगले आहेत. या झाडांच्या राळयुक्त फांद्या थेट जमिनीपर्यंत आलेल्या असतात आणि खाली शेवाळ व कुजलेल्या पाल्याचा जाड थर असतो. वीस-वीस तासांचे ऊन हा थर वाळवते, दुपारच्या तापलेल्या हवेतून गडगडाटी ढग उभे राहतात, आणि पावसापेक्षा विजाच जास्त पडल्या की आग लागते. अलास्कात जळणाऱ्या क्षेत्रापैकी फार मोठा हिस्सा विजेने लागलेल्या आगींचा असतो. आपल्याकडे सह्याद्रीत फेब्रुवारी ते मे या काळात लागणारा वणवा बहुतेक वेळा वाळल्या गवताचा असतो. तो वेगाने धावतो आणि लवकर विझतो. तिथे मात्र ज्वाळा शमल्यानंतरही शेवाळाचा थर आठवडेच्या आठवडे आतल्या आत धुमसतो आणि काही आगी बर्फाखाली हिवाळा काढून वसंतात पुन्हा डोके वर काढतात. वस्तीपासून दूरच्या आगी विझवण्याऐवजी त्यांच्यावर केवळ नजर ठेवण्याचे तिथले धोरण आहे, आणि एवढ्या अफाट प्रदेशात ते योग्यही आहे. त्यामुळे धूर संपण्याची वाट पाहायची म्हणजे सलग काही दिवसांच्या पावसाची वाट पाहायची.

हा धूर दर वर्षी येतोच असे नाही, आणि निर्णय अवघड होतो तो त्यामुळेच. २००४ साली अलास्कात सुमारे ६६ लाख एकर जंगल जळाले, म्हणजे सात गोवे मावतील इतके. २०१५ मध्ये ५१ लाख आणि २०२२ मध्ये ३१ लाख एकर जळाले. याउलट २०२० साली हा आकडा २ लाखांच्याही आत राहिला. फेअरबँक्स टनाना नदीच्या खोऱ्यात, टेकड्यांच्या कुशीत आहे. रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन खालीच अडकते आणि तिच्याबरोबर धूरही अडकतो, म्हणून वाईट दिवसांत पहाट सर्वांत वाईट असते आणि दुपारी थोडी उघडीप मिळते. अँकरेजला अलास्का पर्वतरांगेची भिंत आणि समुद्राचा वारा यांचे संरक्षण आहे, पण ते अभेद्य नाही. ४ जुलै २०१९ रोजी तिथे पारा ३२ अंशांवर गेला, तो त्या शहराचा विक्रम ठरला, आणि त्याच उन्हाळ्यात शहराच्या दक्षिणेकडील केनाई द्वीपकल्पावरच्या स्वान लेक वणव्याचा धूर शहरात अनेक दिवस येत राहिला. तरीही अशा वर्षाला अँकरेजकर अपवाद म्हणतात. फेअरबँक्समध्ये तसे कोणी म्हणणार नाही.

धुरात राहायचे कसे, हा पुढचा प्रश्न, आणि ज्येष्ठ पाहुण्यांच्या दृष्टीने तोच कळीचा आहे. तिथली घरे ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली असतात आणि वातानुकूलन क्वचितच असते. जून २०२५ मध्ये फेअरबँक्सच्या हवामान कार्यालयाने पहिल्यांदाच उष्णतेची अधिकृत सूचना दिली, तीही तापमान २९-३० अंशांवर जाणार म्हणून. विदर्भातला माणूस हे ऐकून हसेल. पण रात्रीही जेमतेम मावळणारे ऊन, उष्णता बाहेर न सोडणाऱ्या भिंती आणि धुरामुळे बंद ठेवाव्या लागणाऱ्या खिडक्या एकत्र आल्या की तेच ३० अंश असह्य होतात. खिडकी उघडावी तर धूर, बंद ठेवावी तर उकाडा. अँकरेजमध्ये धूर आला तरी बाहेर सहसा गारवा असतो, त्यामुळे खिडक्या लावून दोन दिवस काढता येतात. फेअरबँक्सला खोली घेताना गरम पाण्याच्या टबाची चौकशी करण्याऐवजी खोलीत हवा शुद्ध करणारे यंत्र आहे का, हे आधी विचारावे.

भारतातून आलेल्यांची आणखी एका बाबतीत हमखास गफलत होते. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक दोन्ही देशांत सारखा नाही. पीएम २.५ म्हणजे फुप्फुसांत खोलवर जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचे प्रमाण घनमीटरमागे ५५ मायक्रोग्रॅमच्या पुढे गेले की अमेरिकी निर्देशांक १५० ओलांडतो आणि हवा सर्वांसाठीच अपायकारक ठरते. भारतीय मोजणीत ६० मायक्रोग्रॅमपर्यंतची तीच हवा ‘समाधानकारक’ गटात मोडते. म्हणून ‘आमच्याकडे तर रोजच दीडशे असतो’ असे म्हणून आजोबांना फिरायला नेऊ नये. अमेरिकी आकडा १०० च्या वर गेला की दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी आणि वृद्धांनी बाहेरचे श्रम कमी करावेत. बाहेर पडावेच लागले तर नीट बसणारा एन-९५ मुखपट्टाच वापरावा, कारण साध्या कापडाचा या सूक्ष्म कणांपुढे फारसा उपयोग होत नाही.

आता महिन्यांचा हिशेब. धडधाकट मंडळी असतील आणि मध्यरात्रीचा उजेड हेच मुख्य आकर्षण असेल तर मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत फेअरबँक्सला जावे. आगींचा मोसम तेव्हा ऐन भरात आलेला नसतो, डास मात्र असतात. जूनच्या उत्तरार्धापासून जुलैअखेरपर्यंत धोका सर्वाधिक असतो आणि त्या काळात, विशेषतः घरात श्वसनाचा त्रास असलेले कोणी असेल तर, मी अँकरेजच निवडेन. ऑगस्टमध्ये पाऊस सहसा आगी शमवतो, पण २००४ आणि २०१९ या दोन्ही वर्षी त्याने दगा दिला. २० ऑगस्टनंतर फेअरबँक्सला पुन्हा अंधाऱ्या रात्री येतात आणि ध्रुवीय प्रकाश दिसू लागतो, हा मोह मोठा असला तरी धुरकट आकाशातून तोही दिसत नाही.

दोन्ही शहरे पाहायचीच असतील तर विमान अँकरेजचे घ्यावे आणि फेअरबँक्स शेवटी ठेवावे. दोहोंमधले अंतर सुमारे ५८० किलोमीटर असून आगगाडीला १२ तास लागतात. वाटेत डेनाली लागते, पण ६,१९० मीटरचा तो पर्वत ढगांमुळे एरवीही बहुतेक पर्यटकांना दिसत नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर बेत आखू नये. फेअरबँक्सची खोली मात्र दोन-तीन दिवस आधीपर्यंत रद्द करता येईल अशीच घ्यावी, भाडे थोडे जास्त पडले तरी चालेल, आणि अँकरेज सोडण्याच्या आदल्या संध्याकाळी अमेरिकी सरकारचा आग व धुराचा नकाशा पाहून पुढे जायचे की केनाईच्या किनाऱ्याकडे वळायचे ते ठरवावे.