जुना २४ चॅनेलचा मिक्सर: सहा महिने, एक सप्लाय आणि एक पंखा

स्टुडिओतल्या मिक्सरचा सप्लाय, म्हणजे त्याला वीज पुरवणारा डबा, उडाला. श्रावणातला शनिवार, सकाळचे साडेनऊ, खाली भजनी मंडळाची गाडी लागलेली. पखवाजवाले बुवा जिना चढत होते आणि मी नेहमीसारखं बटण दाबलं. स्पीकरमधून 'धप्प' असा आवाज आला, सगळ्या चॅनेलचे लाल दिवे एकदम पेटले आणि खोलीत सुकटीसारखा वास सुटला. पुरते सहा महिने वापरून मगच लिहायचं ठरवलं होतं. पाच महिने बावीस दिवस झालेत, तेवढे पुरेत.

तर मिक्सर. ब्रिटिश बनावटीचा, नव्वदच्या दशकातला, २४ चॅनेल, ८ बस (चॅनेल एकत्र करायच्या आठ वाटा), इन-लाइन, म्हणजे माइकचा आवाज आणि रेकॉर्ड होऊन परत येणारा आवाज एकाच पट्टीवर. कंपनीचं नाव लिहीत नाही. तीस वर्षांच्या म्हातारपणाचा दोष कारखान्यावर टाकण्यात अर्थ नाही, आणि या पिढीतले सगळेच मिक्सर साधारण याच दुखण्यांनी आजारी पडतात. मिरजेत वरच्या मजल्यावर माझा एका खोलीचा स्टुडिओ आहे. वर्षभर सतार-तानपुऱ्याचे नमुने, क्लासवाल्यांची रेकॉर्डिंग, निवडणूक आली की रिक्षावरच्या जाहिराती आणि श्रावण लागला की गणपतीची गाणी. पुण्यात एक स्टुडिओ गाशा गुंडाळत होता, तिथून ६२ हजारांना घेतला. मालक निघताना म्हणाले, "एकच सांगतो, हा कधी बंद करू नका. रात्रंदिवस चालू ठेवा." मला वाटलं, जीव अडकलाय म्हणून बोलतायत.

६२ हजार ही किंमत नव्हे, हा इसार. टेम्पो आणि हमाल धरून साडेआठ हजार. मग वायरी. चोवीसच्या चोवीस चॅनेल कॉम्प्युटरला जोडायचे तर २४ लाइनी जाणार, २४ येणार, म्हणजे ४८ लाइनी आणि ९६ पिना. शिवाय तेवढ्या तोंडांचा इंटरफेस, म्हणजे आवाज कॉम्प्युटरात नेणारा-आणणारा डबा. माझा ८ इन ८ आउटचा. २४ आउटचा घ्यायला गेलो असतो तर मिक्सरपेक्षा तोच महाग पडला असता. हे गणित मिक्सर घेण्याआधी करायचं असतं. मी ते टेम्पोने कऱ्हाड ओलांडल्यावर केलं.

शेवटी १६ लाइनींवर भागवलं, म्हणजे ३२ पिना. पहिल्यांदा पुण्याच्या तापकीर गल्लीतून २२ रुपयांवाल्या आणल्या. इन्सर्टच्या एकाच सॉकेटमधून आवाज बाहेर जातो आणि परत येतो: पिनेचं टोक जाण्याचं आणि मधलं कडं येण्याचं. ते कडं या पिनांमध्ये केसभर मागे होतं. जरा धक्का लागला की चॅनेल गप्प. महिनाभराने सगळ्या कापून ८५ रुपयांवाल्या झाळल्या. जुन्या बत्तीस, म्हणजे ७०४ रुपये, अजून बिस्किटाच्या डब्यात आहेत. फेकवत नाहीत.

अर्थिंगचं थोडक्यात सांगतो. पहिल्या दिवसापासून पन्नास हर्ट्झची घुमघुम होती. मी आठवडाभर मिक्सरला शिव्या घातल्या. वायरमनने न्यूट्रल आणि अर्थमध्ये ९ व्होल्ट दाखवले. खड्डा, तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, ४,८०० रुपये. घुमघुम गेली. फेडरच्या (आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या दांडीच्या) खरखरीवर २,४०० रुपयांचा क्लीनर गेला. (गंज काढायचा स्प्रे कार्बनच्या फेडरवर मारू नका. आधीच्या कोणीतरी सतरा नंबरवर मारलाय. तो फेडर आजही चिकटतो आणि वर नेला की आवाज पायरी-पायरीने वाढतो.)

आता सप्लायवर येतो.

या मिक्सरचा सप्लाय वेगळ्या डब्यात असतो, साधारण भाकरीच्या टोपलीएवढा, पण उचलला की कळतं आत ट्रान्सफॉर्मर आहे. मिक्सरला जोडणारी केबल अडीच मीटर. म्हणजे डबा खोलीतच राहणार. आणि त्याला पंखा. गरम झालं की वेग वाढवणारा. पहिल्या अर्ध्या तासात कुजबुजतो, मग घरघरतो, दुपारी दोनला त्याच्या अंगात येतं. रिक्षाच्या जाहिरातीला फरक पडत नाही. पण एका तानपुऱ्याचे नमुने घेत होतो. जवारी लावणारा, म्हणजे तारांचा झंकार जमवणारा कारागीर स्वतः आलेला, तीन पिढ्या हेच काम. दोन टेक झाल्यावर त्याने तानपुरा मांडीवर आडवा ठेवला आणि म्हणाला, "साहेब, तुमचा पंखा कोमल निषाद लावतोय. तो तरी बंद करा, नाहीतर मला तरी त्याला मिळवून घेऊ द्या." त्या दिवसापासून माझ्या कानात दुसरं काही शिरेना. डब्यावर गोधडी टाकली, तर तो जास्तच तापून जास्तच ओरडायला लागला. खाली रबर घातलं. थर्माकोलचं घर केलं, समोरून उघडं. गणपतीचं मखर वाटायचं. केबल लांब करून डबा जिन्यात ठेवायचा विचार केला. पण १७ व्होल्टवर दोन-तीन अँपिअर वाहत असतात, लांब पातळ तारेत व्होल्ट गळतात आणि मिक्सर कुरकुरतो. भिंतीला भोक पाडून डबा पलीकडच्या मोरीत ठेवायचं नक्की झालं होतं. घरून परवानगी मिळाली नाही.

आणि रात्री मिक्सर बंद करायचा की नाही, हे भांडण. प्लगमधला मीटर लावून पाहिलं, १८० वॅट. युनिटला अकरा रुपये धरले तर रात्रंदिवस चालू ठेवून महिन्याला १,४२६ रुपये. दहा तास वापरून बंद केला तर ५९४. वर्षाचा फरक दहा हजार. चालू ठेवा म्हणणाऱ्यांचा मुद्दा खोटा नाही: रोज तापणं आणि गार होणं यानेच झाळण तडकते आणि बटण दाबल्या क्षणी सगळ्यात मोठा झटका बसतो. पण दहा हजारांत एक बरा माइक येतो. मी रोज रात्री बंद करत आलो. शनिवारी सकाळी तो सुकटीचा वास आला तेव्हा पहिल्यांदा पुण्याच्या मालकांचा चेहराच समोर आला.

आवाजाबद्दल. 'अ‍ॅनालॉगची ऊब' हा शब्द मीही घेताना तोंडात घोळवत होतो. मार्चमध्येच एक अभंग आठ गटांत मिक्सरमधून एकत्र केला आणि तोच कॉम्प्युटरमध्येच केला. दोन्हींची पातळी नीट सारखी केली. मेहुण्याला म्हटलं, न सांगता वाजव. दहापैकी पाच बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी तेच. एकच फरक पक्का ऐकू आला, सळसळ. तीही न वापरलेले सोळा चॅनेल बसवरून काढले तेव्हा निम्म्याहून खाली गेली. जो चॅनेल वापरत नाही तो नुसता म्यूट करून थांबू नका, बसचं बटणही उचला. पातळी सारखी न करता ऐकाल तर जो जोरात तोच 'उबदार' वाटतो, एवढं लक्षात असू द्या.

आणि जुनी सेटिंग परत आणायची म्हणजे मोबाइलचे फोटो. एक मंडळ तीन आठवड्यांनी आलं, "टाळ जरा कमी करा." जरा! चोवीस पट्ट्यांचे फोटो मोठे करकरून खुंट्या जुळवल्या, दीड तास गेला, आणि टाळ कमी करायचे पैसे कोण देतं? तेव्हापासून शेवटचं मिक्सिंग कॉम्प्युटरमध्येच.

म्हणजे आवाज तोच, वीज जास्त, जागा अर्धी खोली, वर पंखा. घेऊ नका, असं लिहून मी हे संपवणार होतो.

वरचं सगळं बारा दिवसांपूर्वीचं. ते तसंच ठेवतो, कारण त्या रागातही खरं बरंच आहे. पण दोन गोष्टी घडल्या.

पहिली त्याच शनिवारी. मंडळ परत कसं पाठवणार? सगळ्यांना थेट इंटरफेसवर घेतलं. बुवांनी हेडफोन लावले आणि पहिल्याच ओवीला थांबले. "माझाच आवाज माझ्या मागनं येतोय की." आकडा मोठा नाही: सेकंदाला आवाजाच्या ४८ हजार नोंदी (सँपल), कॉम्प्युटर त्या २५६ च्या गठ्ठ्याने घेतो, म्हणजे एका बाजूने ५.३ मिलिसेकंद, जाऊन येऊन बारा-तेरा. पण गाणाऱ्याला स्वतःचा आवाज कवटीतूनही ऐकू येत असतो, दोन्ही एकमेकांवर आदळतात आणि आवाज पोकळ होतो. आता कोणीतरी म्हणेल, इंटरफेसमध्ये थेट ऐकायची सोय असते. असते, मीही लावली. मग पखवाजवाले म्हणाले टाळ नकोत, टाळवाले म्हणाले पेटी हवी, पेटीवाल्यांना फक्त बुवा हवेत, आणि प्रत्येकासाठी मी माउसने एकेक खिडकी उघडतोय, तेवढ्यात बुवा चहा मागतायत. मिक्सरवर हेच काम चार ऑक्स खुंट्यांचं होतं, कोणाच्या हेडफोनात काय किती जावं ते ठरवणाऱ्या. बुवांच्या तोंडाकडे बघत हात जायचा. टॉकबॅकचं बटण दाबून "बुवा, पुन्हा धरा" म्हणायचं, झालं. पाच महिने ही सोय मी हिशोबातच धरली नव्हती, कारण ती चालत होती. त्या दिवशी आठ गाण्यांच्या जागी तीन झाली.

दुसरी गोष्ट सप्लायची. पुण्याला पाठवायचा तर येण्याजाण्याचं भाडं आणि तीन आठवडे. म्हणून मिरजेतच रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका चाचांकडे घेऊन गेलो. वय सत्तरीचं, दुकान आठ फुटांचं. झाकण काढलं आणि म्हणाले, "कंडेन्सर फुगलेत बघा." (आमच्या धंद्यात कंडेन्सर म्हणजे माइक, त्यांच्या धंद्यात कपॅसिटर, मी क्षणभर घाबरलो.) मिक्सरला अधिक १७ आणि उणे १७ अशा दोन बाजूंनी वीज जाते; उणे १७ व्होल्टच्या बाजूचे दोन्ही डोक्याला फुगलेले, एकाच्या बुडाशी तपकिरी डाग. वास त्याचाच. एक बाजू बसली की ऑप-अँप (आवाज वाढवणाऱ्या चिप) सगळे दुसऱ्या बाजूला जाऊन आपटतात, म्हणून ती 'धप्प' आणि ते लाल दिवे.

मी विचारलं, "रोज बंद केल्यामुळे गेला का?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. डबा फिरवून मागे वीज मंडळाच्या जुन्या स्टिकरसारखं काहीतरी चिकटलेलं होतं ते नखाने खरवडलं. खाली स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा निवडक, म्हणजे भिंतीतले व्होल्ट निवडायची खुंटी, निघाला. २२०, २४०. खूण २२० वर. मग मल्टीमीटर भिंतीत खुपसला. "हे बघा. २४५."

बाकीचं त्यांनी कागदावर मांडलं. २२० वर डब्यात साधारण २४ व्होल्ट कच्चे तयार होतात आणि त्यातले १७ मिक्सरला जातात. उरलेल्या ७ ची रेग्युलेटर उष्णता करतो. भिंतीत २४५ असतील तर कच्चे होतात २६.७, म्हणजे उष्णता पावणेदहा व्होल्टांची. जवळपास चाळीस टक्के जास्त. म्हणजे माझा पंखा वेडा नव्हता, तो जीव तोडून डबा वाचवत होता आणि मी वर गोधडी टाकत होतो. कंडेन्सरचंही तेच, दहा अंश जास्त तापमान म्हणजे आयुष्य निम्मं. ८५ अंशांचे जाऊन १०५ अंशांचे आले, डायोडचा ठोकळा बदलला, निवडक २४० वर गेला. मजुरीसकट ५,२००.

आता मीटरवर १६५ वॅट दिसतात. पंखा दुपारी दोनलाही कुजबुजतोच. मखर काढलं.

तर मत बदललंय, पण अर्धंच. मिक्सिंगसाठी जुना कन्सोल घेत असाल तर नका घेऊ. चार-सहा माणसं एकत्र बसवून रेकॉर्ड करत असाल, म्हणजे भजन, पेटी-पखवाज, शाहिरी, तर घ्या, पण १६ चॅनेलचा घ्या. माझे आठ चॅनेल नुसते धूळ खातात. बघायला जाल तेव्हा स्वतःचे हेडफोन न्या, प्रत्येक फेडर तळापासून वर न्या, पॅनेलवर बोटाने टकटक करून खरखर येते का बघा. आणि मालकाला सप्लायचं झाकण उघडायला सांगायची लाज बाळगू नका. कंडेन्सरची डोकी सपाट हवीत. निवडक कुठे आहे ते बघा. त्या एका खुंटीची मी पाच महिने किंमत भरली.

एकूण आतापर्यंत ९२ हजार ३२४ रुपये. यात मल्टिकोर वायरीचे सहा हजार आले, मेहुण्याचं जेवण नाही.

रात्री अजूनही बंद करतो. चाचा म्हणाले, "करा की. आता थंड असतोय." सतरा नंबरचा फेडर तसाच आहे. आणि या जातीचा सप्लाय, दोन बाजू १७ व्होल्टच्या आणि ४८ ची फँटम (माइकला लागणारी वीज), कुणाकडे माळ्यावर पडून असेल तर हवाय. चालू असेल तर बोलू; बंद असेल तर वजनावर घेईन.