पहिला दिवस बुडापेस्टला की प्रागला?

एकट्यानं पहिल्यांदाच युरोपला निघालेल्या, खिसा बेताचा असलेल्या माणसाचा हा ठरलेला घोळ. हंगेरीतलं बुडापेस्ट आणि चेक प्रजासत्ताकातलं प्राग, बघायची दोन्ही शहरं असतात. मध्ये थेट रेल्वे आहे, ब्रातिस्लाव्हा आणि ब्रनोवरून साधारण 7 तास. त्यामुळे कोणतं शहर चांगलं, हा वाद घालण्यात अर्थ नाही. रात्रभर न झोपलेलं, पाय सुजलेलं, पाठीवर सॅक असलेलं आपलं ध्यान आधी कुठं टेकवायचं, एवढंच ठरवायचंय. मी एकदा इकडून आणि एकदा तिकडून असं दोन्ही करून बघितलंय.

विमानतळातून शहरात शिरायला बुडापेस्ट सोपं. 100ई नंबरची बस थेट मध्यवस्तीतल्या देआक फेरेंत्स चौकात सोडते. तिचं तिकीट मात्र वेगळं आणि महाग. शहरातल्या साध्या तिकिटावर चढलात तर दंड. पैसे वाचवायचे तर 200ईनं कोबान्या-किशपेश्तला उतरून 3 नंबरची मेट्रो धरा. प्रागला 59 नंबरची ट्रॉलीबस आणि पुढं हिरव्या लाइनची मेट्रो, एवढं शहराच्या साध्या तिकिटात भागतं. पण कागदी तिकीट घेतलंत तर मशीनमध्ये घालून त्यावर शिक्का उमटवायचा. तो नसेल तर तिकीट खिशात असूनही तुम्ही विनातिकीटच.

युरो दोन्हीकडे चालत नाही, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना तिथं गेल्यावर कळतं. प्रागला कोरुना, म्हणजे साधारण 4 रुपये. बुडापेस्टला फोरिंट, 100 फोरिंटांचे साधारण 25 रुपये धरा. पैसे बदलताना फसण्याची भीती मला प्रागच्या जुन्या भागात जास्त वाटते. तिथल्या एका खिडकीवर ‘कमिशन शून्य’ वाचून मी नोटा सरकवल्या. हातात आलेले पैसे मोजले, तर जवळजवळ पाचवा भाग गायब. भाव पडलेला होता आणि तो बारीक अक्षरांत लिहिलेला होता. चेक कायद्यानुसार असा व्यवहार 3 तासांच्या आत रद्द करता येतो. मला तो कायदा रात्री हॉस्टेलवर कळला, तेव्हा चौथा तास चालू होता. एटीएमनं ‘रुपयांत वळवून देऊ का’ असं विचारलं, तर दोन्ही शहरांत उत्तर एकच: नको.

हॉस्टेलमधली खाट बुडापेस्टला सहसा स्वस्त पडते. सातव्या वॉर्डात, जुन्या पडक्या वाड्यांमधल्या बारांच्या गल्लीत खाट घेतलीत, तर झोपेची आशा सोडा.

आता खाणं. शाकाहारी माणसानं इथं नीट लक्ष द्यावं. प्रागला आठवड्याच्या दिवसांत दुपारी स्वस्त ‘मेनू’ असतो, पण दोनच्या सुमाराला तो आटोपतो आणि तुम्ही तेव्हा बहुधा विमानतळावर असता. मग उरतं तळलेलं चीज आणि बटाटे. एक दिवस छान लागतं. गल्लोगल्ली ‘जुनी चेक मिठाई’ म्हणून जे त्रदेल्निक विकतात, ते प्रागचं जुनं बिनं काही नाही, पैसे वाचवा.

बुडापेस्टला मला फोझेलेक सापडलं. पीठ लावलेली आपली पातळ भाजीच ती! पालकाची, वाटाण्याची, मसुरांची. भोपळ्याच्या जातीतल्या एका फळभाजीत तर चक्क शेपू. पहिल्या दिवशी काउंटरवर भाषेची बोंब, म्हणून बोट दाखवून मसुरांची मागितली. बाईंनी वाडगा भरला आणि वर सॉसेजची चकती ठेवणार, तेवढ्यात मी पाठ केलेले दोन शब्द म्हटले, ‘हूश नेल्क्यूल’, मांस नको. बाईंनी चकती परत ठेवली आणि वर अंडं चालेल का, म्हणून खुणेनं विचारलं. सोबत एरोश पिश्ता नावाची लाल मिरचीची पेस्ट मागून घ्या. ठेच्याच्या जवळ जाते, फक्त लसूण नाही. तुपातेलाऐवजी डुकराची चरबी वापरण्याची पद्धत तिथं आहे, तेव्हा कडक शाकाहारी असाल तर विचारूनच खा.

आता संध्याकाळ. प्राग पायांनी बघायचं शहर आहे: जुन्या चौकातून 1357 साली पाया घातलेला चार्ल्स पूल ओलांडायचा आणि किल्ल्याचा चढ चढायचा. रस्ते दगडी, चाकांच्या बॅगेचा खडखडाट सगळ्या गल्लीला ऐकू जातो. दमलेल्या माणसाचं हे काम नाही. बुडापेस्ट बसून बघता येतं. 2 नंबरच्या ट्राममध्ये नदीच्या बाजूची खिडकी पकडा, डॅन्यूब अख्खी समोरून सरकते. अंधार पडल्यावर संसद भवनाजवळून मेट्रोनं एकच स्टेशन, नदीच्या खालून पलीकडे बात्त्यानी चौकात जा आणि कठड्याला टेकून दिवे लागलेलं संसद भवन बघा. फुकट आहे. सेचेनीच्या गरम कुंडांचं तिकीट आता 10,000 फोरिंटांच्या वर गेलंय; पहिल्याच दिवशी तो खर्च मला जड वाटतो.

प्रागची बाजू घेणारा एकच मुद्दा माझ्याकडे आहे, पण तो भारी आहे. तिथलं घड्याळ आपल्या मागे, उन्हाळ्यात साडेतीन तास. त्यामुळे दुसऱ्या दिवशी पहाटे चारलाच टक्क जाग येते. जूनमध्ये पाचच्या आत उजाडतं. त्या वेळी चार्ल्स पुलावर फोटोग्राफर, एखादं लग्नाचं जोडपं आणि तुम्ही. दहा वाजता त्याच पुलावर दादरच्या जिन्यासारखी गर्दी असते.

मी पुन्हा जाईन तर बुडापेस्टला उतरेन आणि परतीचं विमान प्रागहून घेईन. पहाटे उठायला अलार्म लावता येतो, पण दमलेल्या पायांना चढ टाळता येत नाही. विमान रात्री पोचणारं असेल आणि पोटाचे नखरे नसतील, तर मात्र बेलाशक प्राग घ्या. तिकीट काढण्याआधी एक हिशेब करा: दोन्ही देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा असतो, आणि दिवस सारखे असतील तर जिथं आधी पाऊल ठेवाल त्याच्याकडे. अर्ज द्यायची तारीख कुठं लवकर मिळते ते बघून एखादा दिवस इकडचा तिकडे करा.